ड्रीम थिएटर आणि ‘सगळ्यात भारी सोलो’चं भांडण

मंडळी, यावेळी विषय जरा वेगळा आहे. एरवी बखरी, जुने वाडे नाहीतर शाळेच्या आठवणी लिहिणाऱ्या बाई एकदम अमेरिकन मेटल बँडवर लिहायला लागल्या म्हणजे काहींच्या भुवया वर जातील. जाऊ देत. इतिहास म्हणजे नुसत्या तहांच्या तारखा नव्हेत, असं मी ३१ वर्षं वर्गात सांगत आले. मग माणसं कशावरून भांडतात याचाही इतिहास असणारच.

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीचा नातू दिवाळीत चार दिवस राहायला आला होता. त्याचा एक मित्र रोज यायचा. दोघेही गिटार शिकणारे, दोघेही ‘ड्रीम थिएटर’चे भक्त, आणि चारही दिवस वाद एकच: जॉन पेट्रुचीचा सर्वश्रेष्ठ सोलो कोणता? मी चकल्या तळता तळता ऐकत होते. बालगंधर्व मोठे की मास्टर दीनानाथ, यावर माझे वडील आणि काका जसे हमरीतुमरीवर यायचे, तसेच हेही. फरक एवढाच, की यांच्याकडे पुरावा खिशातल्या फोनमध्ये होता. तिसऱ्या दिवशी दोघांनी मला पंच नेमलं. ते गेल्यावर मी तीन महिने रोज दुपारी हे संगीत ऐकलं, त्याबद्दल मिळेल ते वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते हे.

आधी माझ्या वयाच्या वाचकांसाठी थोडं. सोलो म्हणजे गाणं चालू असताना गायक थांबतो आणि एकच वाद्य पुढे येऊन आपलं म्हणणं मांडतं, तो भाग. इथे ते वाद्य म्हणजे विजेची गिटार. प्रोग्रेसिव्ह मेटल हा रॉक संगीतातला एक अवघड प्रांत. आवाज मोठा, गाणी लांबलचक, आणि ताल एका जागी ठरत नाही. आपण सात मात्रांना रूपक म्हणतो, दहांना झपताल म्हणतो, आणि एकदा धरलेला ठेका तबलजी बंदिश संपेपर्यंत सोडत नाही. ही मंडळी दोन ओळी सातात, पुढची पाचात, मग नवात असं करत जातात. ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ नावाची त्यांची एक सहा मिनिटांची वाद्यरचना आहे. तिच्यात ताल शंभराहून अधिक वेळा बदलतो, असं मोजणारे सांगतात. मी मोजायला बसले होते. दीड मिनिटात पेन खाली ठेवलं.

आता बँडची कुळकथा. १९८५ साली बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात न्यूयॉर्ककडची तीन मुलं शिकत होती. पेट्रुची आणि जॉन म्युंग हे दोघे लाँग आयलंडवरच्या एकाच गावचे, लहानपणापासूनचे दोस्त. एकाची गिटार, दुसऱ्याची बास गिटार. रोज किमान सहा तास रियाज करायचाच, असा त्यांनी आपापसात नेम केला होता. तिथे त्यांना माइक पोर्टनॉय हा ड्रमवाला भेटला. ‘रश’ या कॅनडाच्या बँडच्या तिकिटांसाठी रांगेत उभे असताना त्यांच्याच एका गाण्याचा शेवट ऐकून पोर्टनॉय म्हणाला, काय राजेशाही वाटतं हे! त्यावरून त्यांनी आपल्या बँडचं नाव ‘मॅजेस्टी’ ठेवलं. पुढे लास वेगासच्या एका बँडने त्या नावावर आपला हक्क सांगितला, तेव्हा नवं नाव शोधायची वेळ आली. ते सुचवलं पोर्टनॉयच्या वडिलांनी. कॅलिफोर्नियात माँटेरे गावी ‘ड्रीम थिएटर’ नावाचं एक चित्रपटगृह होतं, त्यावरून. हे वडील, हॉवर्ड पोर्टनॉय, स्वतः रेडिओवर गाणी लावणारे निवेदक होते. या गृहस्थांना लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पहिला अल्बम १९८९ मध्ये आला आणि फारसा कुणाच्या कानावर न पडता गेला. मग नव्या गायकाचा शोध सुरू झाला. कॅनडाचा जेम्स लाब्री मिळाला, आणि १९९२ मध्ये ‘इमेजेस अँड वर्ड्स’ निघाला. त्यातलं ‘पुल मी अंडर’ आठ मिनिटांचं. एवढी लांब गाणी रेडिओवाले सहसा लावत नाहीत, पण हे वाजलं, गाजलं. त्यानंतर तसं यश दुसऱ्या कुठल्याच गाण्याला मिळालं नाही. बँडला याची इतकी गंमत वाटते, की २००८ मध्ये निवडक गाण्यांचा संग्रह काढला तेव्हा त्याच्या नावात ‘हिट’ हा शब्द एकवचनी ठेवला आणि ‘आणखी २१ बऱ्यापैकी गाणी’ अशी पुस्ती जोडली. स्वतःवर असं हसता येणारी माणसं मला आवडतात.

वादात पक्ष कोणते, ते पाहू. भाचेनातू वेगपक्षाचा. त्याचं दैवत ‘अंडर अ ग्लास मून’, १९९२ च्या त्याच अल्बममधलं. सोलो जेमतेम मिनिटभराचा, पण गिटारवर करता येण्यासारखं जवळजवळ सगळं त्यात आहे: तार ओढून सूर चढवणं, दोन्ही हातांच्या बोटांनी तारा ठोकणं, एकाच फटकाऱ्यात सगळ्या तारांवरून सरकत जाणं. ‘गिटार वर्ल्ड’ मासिकाने १०० थोर सोलोंची यादी केली, तीत हाही होता. मित्र सूरपक्षाचा. त्याच्या मते वेग ही कसरत, खरं संगीत ‘द स्पिरिट कॅरीज ऑन’मध्ये. हे गाणं १९९९ च्या ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ या अल्बममधलं. निकोलस नावाचा माणूस संमोहनातून आपल्या गतजन्मात जातो आणि १९२८ साली खून झालेल्या एका तरुणीची कहाणी उलगडत जाते, असं अख्ख्या अल्बमचं कथानक. (पुनर्जन्म म्हटल्यावर मी लगेच कान टवकारले.) तिथला सोलो सावकाश चढतो. सूर मोजकेच. आमच्या घरी हा लावला तेव्हा कामवाल्या बाईसुद्धा झाडू थांबवून उभ्या राहिल्या. हा पुरावा मी मित्राच्या खात्यावर जमा केला.

तिसराही एक पक्ष आहे, पण त्यातल्या लोकांना आपण त्यात आहोत हे ठाऊक नसतं. सोळाव्या-सतराव्या वर्षी जे ऐकलं तेच श्रेष्ठ, असं मानणाऱ्यांचा तो पक्ष. १९९२ ला कॉलेजात असलेल्यांची यादी ‘इमेजेस अँड वर्ड्स’वर थांबते. ‘ऑक्टाव्हेरियम’ हे २४ मिनिटांचं गाणं २००५ मध्ये आलं, तेव्हा जे विशीत होते त्यांना त्यापुढे काही दिसत नाही. २०११ चं ‘ब्रेकिंग ऑल इल्यूजन्स’ उचलून धरणारे त्याहून लहान. तुमची यादी सांगा, मी तुमचं वय सांगते! माझ्या वडिलांचंही तेच होतं म्हणा.

या भांडणाने बँडचा इतिहासही बदलला आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. १९९२ च्या एका गाण्याच्या नावापुढे पेट्रुचीने गमतीने ‘भाग १’ असं लिहिलं. भाग २ काढायचा कुणाच्या मनातही नव्हतं. चाहते मात्र दुसरा भाग कुठे, दुसरा भाग कुठे, म्हणून मागे लागले. सात वर्षं हा धोशा चालल्यावर भाग २ म्हणून आला तो वर सांगितलेला गतजन्माचा पूर्ण अल्बम. दुसरं उदाहरण ‘अ चेंज ऑफ सीझन्स’चं. २३ मिनिटांची ही रचना १९८९ मध्येच लिहून तयार होती, पण लांबीमुळे कंपनीने बाजूला ठेवली. चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली, आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चाहत्यांचा हट्ट नसता तर ती कदाचित कपाटातच राहिली असती.

पाठभेदांचीही एक भानगड आहे. तिच्यात मला शिक्षिका म्हणून विशेष रस वाटला. १९९७ मध्ये ‘फॉलिंग इंटू इन्फिनिटी’ निघाला. त्यावेळी कंपनीचा आग्रह होता की गाणी छोटी, सोपी करा. एका गाण्यासाठी तर डेझमंड चाइल्ड या धंदेवाईक यशस्वी गीतकाराला मदतीला घेतलं होतं. कडवे चाहते अजूनही या अल्बमचं नाव काढलं की नाक मुरडतात. त्यातच ‘हॉलो इयर्स’ हे साधं, हळवं गाणं आहे. २००४ मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात बँडने ते वाजवलं तेव्हा पेट्रुचीने त्यात एक लांब सोलो घातला. ती मैफल ध्वनिमुद्रित झाली, आणि आज कितीतरी जण त्या सोलोला पहिला क्रमांक देतात. मूळ अल्बमात तो सोलो नाही! मग तो ‘त्या गाण्यातला’ म्हणायचा का? भाचेनातू म्हणे, नाही, मूळ पोथीत नसलेलं मोजायचं नाही. मित्र म्हणे, वाजवणारा तोच, गाणं तेच, मग अडचण काय? मी त्यांना नाथमहाराजांची गोष्ट सांगितली. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी पदरची ओवी घालू नये म्हणून बजावून ठेवलं. पण ज्ञानदेवांनी स्वतःच पंधरा वर्षांनी एखादी ओवी वाढवली असती तर नाथांनी काय केलं असतं? दोघेही जरा वेळ गप्प बसले. जिंकल्याचं समाधान मला मिळालं, पण प्रश्न सुटला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तीन महिने वाचताना माझ्या लक्षात एक गोष्ट येत गेली, आणि ती त्या दोघांच्या बोलण्यात एकदाही आली नव्हती. वाद होतो तो बोटांवर, वेगावर, तालावर. पण वादात पुन्हा पुन्हा पुढे येणाऱ्या गाण्यांच्या मागे जाऊन पाहावं, तर तिथे कुणाचं तरी मरण बसलेलं असतं.

‘पुल मी अंडर’चे शब्द केव्हिन मूर या तेव्हाच्या कीबोर्डवाल्याचे. ते बेतलेले आहेत हॅम्लेटवर, म्हणजे आपल्या आगरकरांनी ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणलेल्या नाटकावर. बाप गेलेल्या मुलाचं नाटक ते. त्याच अल्बममधलं ‘अनदर डे’ पेट्रुचीने लिहिलं ते त्याच्या वडिलांना कर्करोग झाला तेव्हा. गाण्यात एक सॅक्सोफोन आहे (वाजवणारे ‘स्पायरो जायरा’चे जे बेकेन्स्टाइन), आणि एक छोटा, गळा दाटून आल्यासारखा गिटारचा सोलो. वडील गेले. १९९७ च्या, चाहत्यांनी नाक मुरडलेल्या त्या अल्बममध्ये ‘टेक अवे माय पेन’ आहे, ते त्यांच्यासाठी. आणि सह्यांच्या मोहिमेने बाहेर काढलेलं ‘अ चेंज ऑफ सीझन्स’? ते पोर्टनॉयचं. त्याची आई तो शाळकरी वयात असताना विमान अपघातात गेली. २३ मिनिटांची ती लांबी कंपनीला जड झाली. पण त्या मुलाला ते एवढ्यातच आटोपता आलं, याचंच मला नवल वाटतं.

मग २००९ साल आलं. ‘ब्लॅक क्लाउड्स अँड सिल्व्हर लायनिंग्ज’ या अल्बमचं काम चालू असताना हॉवर्ड पोर्टनॉय कर्करोगाने गेले. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते हेच, बँडला नाव देणारे. मुलाने त्यांच्यासाठी ‘द बेस्ट ऑफ टाइम्स’ हे १३ मिनिटांचं गाणं लिहिलं. सुरुवातीला व्हायोलिन आहे ते जेरी गुडमन यांचं. हे पूर्वी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’त जॉन मॅक्लॉक्लिनबरोबर वाजवायचे. त्याच मॅक्लॉक्लिननी नंतर आपल्या झाकीरभाईंना घेऊन ‘शक्ती’ काढला, म्हणजे कुठला धागा कुठे जातो पाहा. शब्द सगळे मुलाचे. बालपण, वडिलांबरोबरचे दिवस, मग निरोप. आणि शब्द संपतात तिथे पेट्रुचीचा सोलो सुरू होतो आणि गाणं संपेपर्यंत थांबत नाही.

माझं मत विचाराल तर हा सोलो पहिला. दोघांनाही कळवलं. सूरपक्षीय मित्राने ताबडतोब हरकत घेतली, की तो सोलो नव्हेच, ती गाण्याची अखेर आहे, आणि जरा लांबलीच आहे. भाचेनातवाने सांगितलं, की पेट्रुचीने याहून अवघड दहा गोष्टी वाजवल्या आहेत. दोघांचंही खरं असेल. माझी मोजपट्टी वेगळी आहे. ज्याचे वडील गेले तो ड्रमवर आहे. त्याच्या हातात सूर नाहीत, नुसता ठेका आहे. त्याला जे शेवटी बोलायचंय ते दुसऱ्यालाच वाजवावं लागणार. आणि तो दुसरा कोण? तर २४ वर्षं सोबत असलेला, स्वतःच्या वडिलांसाठी दोन गाणी करून बसलेला माणूस. कुठला सूर किती वेळ धरायचा हे त्याला कुणी सांगावं लागलं नसेल.

आमच्या वडिलांच्या तेराव्याला रात्री भजन होतं. आम्ही भावंडं कोरडीच होतो, पाहुणे, पाटपाणी, जमाखर्च यांत अडकलेली. वडिलांचे एक मित्र होते, पोस्टात होते ते, पेटी वाजवायचे. अभंग संपल्यावर सगळे थांबले आणि त्यांनी पेटी बंद केलीच नाही. तीच चाल, शब्दांवाचून, पाच-सात मिनिटं एकटेच वाजवत राहिले. माझा थोरला भाऊ उठून मागच्या अंगणात गेला. मग मी गेले. त्या पेटीत काही सूर कणसूर लागत होते, हेही मला स्पष्ट आठवतं.

असो. पुढचा इतिहास थोडक्यात. ते गाणं आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१० मध्ये, पोर्टनॉय बँडमधून बाहेर पडला. त्याला काही काळ विश्रांती हवी होती, बाकीच्यांना नको होती. पुढे त्याने परतायची तयारी दाखवली, तोवर उशीर झाला होता. त्याच्या जागी माइक मँजिनी आले. हे बर्कलीत शिकवत होते, नोकरी सोडून आले. (शिक्षकाने पन्नाशीला टेकल्यावर नोकरी सोडून ड्रम वाजवायला जाणं! आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला सुचलंही नसतं.) चाहत्यांत उभी फूट पडली. पोर्टनॉय गेल्यावरचं काहीच मोजायचं नाही, म्हणणारेही निघाले. आणि नेमकं ग्रॅमी मिळालं ते २०२२ मध्ये, ‘द एलियन’ या मँजिनींच्या काळातल्या गाण्याला. इतिहास असे चिमटे काढतोच.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती कळल्यावर मी या भांडणाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहायला लागले. पेट्रुची, पोर्टनॉय आणि म्युंग या तिघांच्याही बायका मूळच्या ‘मीनस्ट्रीक’ या एकाच बायकांच्या मेटल बँडमधल्या. त्यातली एक, पेट्रुचीची बायको रीना, स्वतः गिटारवादक. त्या तिघींच्या बँडचा एकच अल्बम निघाला, १९८८ मध्ये. तिच्या सोलोंवर दिवाळीत चार दिवस भांडणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. मी भाचेनातवाला विचारलं, तर त्याने नावही ऐकलं नव्हतं. आता ऐकतोय म्हणाला.

नवऱ्यांची बोलणी बंद झाली, तरी घरं एकमेकांना धरून होती. २०२० मध्ये पेट्रुचीने एकट्याचा अल्बम काढला, ‘टर्मिनल व्हेलॉसिटी’. त्यात ड्रमवर पोर्टनॉय होता. दहा वर्षांनी दोघे प्रथमच एकत्र वाजवत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो बँडमध्ये परतला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पॅरासोम्निया’ आला. झोपेतल्या विकारांवरचा अल्बम, शेवटचं गाणं १९ मिनिटांहून लांब. त्यातला सोलो कितव्या क्रमांकावर घालायचा, यावर दोन्ही पक्षांचं भांडण सुरू झालेलंच आहे. मी तो अजून दोनदाच ऐकलाय, त्यामुळे इतक्यात काही बोलणार नाही.